ह्यांच्या पाठीवर आलेली त्वचा

भाजलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाची त्वचा लावतात, हे आमच्या घरावर तशी वेळ येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. नेत्रदान ऐकलं होतं, किडनी देतात हेही ऐकलं होतं. त्वचेचं कधी कुणी बोललं नव्हतं. मिरजेच्या एका हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याच्या पाठीवर अशी त्वचा लावली गेली. ती काही आठवडेच टिकली, आणि तेवढी टिकली म्हणून आज हे आमच्यात आहेत. आमच्या भागात हंगाम लागला की गुऱ्हाळावर कुणी भाजल्याचं कानावर येतंच. त्या घरातल्या माणसांना काय काय समोर येणार आहे, ते कुणीतरी आधी सांगितलेलं असावं, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला. मी घरी शिवणकाम करते. हे हंगामात भावकीतल्याच एकाच्या गुऱ्हाळावर असायचे. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते. चुलवाणावर मोठी काहील, म्हणजे पसरट कढई असते, तीत उसाचा रस तासन् तास उकळतो. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. पाक झाला की नाही ते गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणता माणूस, थेंबभर पाण्यात टाकून बोटानं पाहतो. काहील उतरायची वेळ येते तेव्हा पाक 118 अंशांच्या आसपास असतो. पाणी 100 ला उकळतं आणि अंगावर पडलं तरी ओघळून जातं. पाक ओघळत नाही, तिथंच चिकटून भाजत राहतो. त्या दिवशी काहील वाफ्यात, म्हणजे पाक थंड करायच्या हौदात ओतताना साखळी निसटली, पाक जमिनीवर पसरला आणि मागं सरकताना ह्यांचा पाय घसरला. हे उताणे त्या पाकातच पडले.

तिथला गुळव्या म्हातारा माणूस, पण डोकं शांत. त्यानं मोटर चालू करायला लावली आणि पाइपाचं पाणी ह्यांच्या अंगावर सोडलं ते गाडी येईपर्यंत बंद केलं नाही. कुणी तूप आणायला धावलं, कुणी हळद. त्यानं दोघांनाही हाकललं. अंगाला चिकटलेलं बनियन ओढून काढू दिलं नाही. पुढं डॉक्टर म्हणाले की भाजल्यावर निदान वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, एवढंच घरच्यांनी करायचं असतं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. त्या म्हाताऱ्याला हे कुणी शिकवलं होतं माहीत नाही. त्याचे पाय मी धरले आहेत.

इस्लामपुरात पहिली मदत झाली आणि तिथून लगेच मिरजेला पाठवलं. आमच्याकडं मोठं दुखणं आलं की मिरज, हे पिढ्यान् पिढ्यांचं आहे. बर्न्स वॉर्डात घेतल्या घेतल्या एका डॉक्टरांनी छापील कागद काढला. त्यावर माणसाची दोन चित्रं होती, एक पुढून, एक मागून. ह्यांचं अंग पाहत पाहत ते त्या चित्रात रंग भरत गेले. वरवर भाजलं तिथं निळा, खोल भाजलं तिथं लाल. मागच्या चित्राची पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळी लाल झाली. डावा हात लाल झाला. पुढच्या चित्रात दोन्ही मांड्या लाल, छाती-पोट कोरं. मग बेरीज. माणसाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहाताएवढी जागा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, असा तो हिशोब असतो. ह्यांचे 45 टक्के भरले.

त्या आकड्यावर पुढचं सगळं चालतं, हे मला तिथं कळलं. सलाईनसुद्धा. दर किलो वजनाला, दर टक्क्याला 4 मिलिलिटर. ह्यांचं वजन 60 किलो, म्हणजे पहिल्या 24 तासांत जवळजवळ 11 लिटर, आणि त्यातलं निम्मं भाजल्यापासून पहिल्या 8 तासांत. भाजलेल्या अंगातून पाणी नुसतं निथळत असतं, ते भरून काढलं नाही तर मूत्रपिंडं बंद पडतात. सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी पाहून लिहून ठेवायच्या. मीही ती पिशवीच पाहत बसायची.

सगळ्यात मला कोड्यात टाकलं ते ह्यांना पाठ फारशी दुखत नव्हती ह्यानं. हात दुखत होता, पोटऱ्यांच्या कडा दुखत होत्या, पाठीवरचा मोठा भाग मात्र पांढुरका आणि कडक झाला होता आणि तिथं टोचलेलं कळतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, पाठ कमी भाजली. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की उलटं आहे. जिथं दुखत नाही तिथं त्वचा पूर्ण खोलीपर्यंत जळली आहे, दुखल्याचं सांगणाऱ्या नसाही जळल्या आहेत. अशी जागा आपली आपण भरून येत नाही. ती मेलेली त्वचा कापून काढावी लागते आणि तिथं नवी त्वचा लावावी लागते. ठेवली तर तीच कुजते, जंतू रक्तात उतरतात, आणि भाजलेली माणसं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जातात ती बहुतेक त्यानंच.

नवी त्वचा म्हणजे रोग्याचीच, दुसऱ्या जागची. एरवी ती मांडीची घेतात. वरचा अगदी पातळ पापुद्रा यंत्रानं काढतात, खालचा थर तसाच राहतो, त्यामुळं ती जागा दहा-चौदा दिवसांत पुन्हा भरते. पण ह्यांच्या मांड्याच भाजलेल्या. उरलं काय, तर छाती, पोट, उजवा हात आणि डोकं. डोक्याचीही त्वचा घेतात, हे ऐकून मी चमकले. ती लवकर भरून येते, काही दिवसांनी पुन्हा घेता येते, आणि केस परत उगवतात.

पोटाचं मात्र वेगळं होतं. पाठीवर ग्राफ्ट, म्हणजे अशी काढून घेतलेली त्वचा लावली की माणसाला पाठीवर झोपवता येत नाही, घासून ती निघून जाते. मग पालथं झोपवायचं. पण पोटाची त्वचा काढून घेतली असेल तर पालथं झोपवायचं कशावर? माणसाला टेकायला अंगाची एक तरी बाजू धड हवी. शिवाय इतक्या मोठ्या जखमेतून आधीच ताकद जात असताना अंगावर आणखी नव्या जखमा करायच्या, तर तेवढं सोसायची ह्यांची त्या वेळची स्थिती नव्हती. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी काढून मला हे समजावलं. मग म्हणाले, "पाठ आपण आत्ता दुसऱ्याच्या त्वचेनं झाकू. ह्यांची स्वतःची जेवढी मिळेल ती आधी हाताला आणि गुडघ्यामागं. बोटं आणि सांधे वाचले पाहिजेत. पाठ थांबू शकते, पण उघडी थांबू शकत नाही."

दुसऱ्याची म्हणजे कुणाची, हे मी विचारलं. जिवंत माणसाची असेल असंच डोक्यात होतं, आणि माझी घ्या म्हणून मी हातही पुढं केला. ते म्हणाले, नाही, मृत्यूनंतर दान केलेली. त्वचापेढीत ठेवलेली असते. मुंबईत सायन हॉस्पिटलात 2000 साली अशी पेढी सुरू झाली, 2009 मध्ये नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये, पुढं पुण्यातही झाली. चौकशी करतो, साठा असेल तर मिळेल. "साठा असेल तर" हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. भाजणारे किती आणि देणारे किती, हे गणित त्याच क्षणी समजलं.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, हे सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या माळकरी, पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मेलेल्या माणसाचं कातडं व्हय? माझ्या लेकराच्या अंगावर?"

मी डॉक्टरांना बोलावलं. ते त्यांच्याशेजारी बाकड्यावरच बसले. आत्याबाईंनी सगळं विचारलं. कोण असंल, कसल्या आजारानं गेलं असंल, खाणारा-पिणारा असंल का. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. नाव कळत नाही आणि कळवतही नाहीत. देणाऱ्याचं रक्त एचआयव्ही, दोन्ही प्रकारच्या कावीळ आणि इतर आजारांसाठी तपासतात. त्वचेचा कर्करोग, अंगभर जंतुसंसर्ग असलेल्यांची घेत नाहीत. रक्तगट जुळायला लागत नाही, रंग जुळायला लागत नाही, बाईची पुरुषाला चालते. आणि ती कायमची राहणार नाही, शरीर परकी त्वचा ठेवून घेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती सुटायला लागेल, तोवर ह्यांची स्वतःची तयार होत राहील.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ज्यानं दिलं त्येच्या घरी कुणीतरी रडत असतानाच दिलं असंल की वो." डॉक्टर हो म्हणाले. मग आत्याबाईंनीच मला सही करायला सांगितली.

ऐरोलीची की पुण्याची, ते मी लिहीत नाही, पण साठा मिळाला. हॉस्पिटलाचं मागणीपत्र, ह्यांच्या केसपेपराची प्रत आणि थर्मोकोलचा डबा घेऊन माझे धाकटे दीर रात्रीच निघाले. त्वचा विकत मिळत नाही, तिची किंमत नसते. तपासण्या आणि साठवणूक ह्यांचा खर्च तेवढा भरावा लागला. खंबाटकी उतरल्यावर भावजींचा फोन आला, साताऱ्याजवळ आलो, डबा मांडीवर आहे. सीटवर का नाही ठेवला, असं मी विचारलं नाही.

ते आले तेव्हा ऑपरेशन थिएटरात न्यायच्या आधी सिस्टरांनी डबा माझ्यासमोर उघडला. थंड पाकिटांच्या मधे प्लास्टिकच्या सीलबंद पिशव्या. प्रत्येकीवर क्रमांक, तारीख, किती चौरस सेंटिमीटर ते. आत दाटसर, पाण्यासारखं दिसणारं द्रव आणि त्यात घडी घातलेले फिकट पिवळसर पांढरे पट्टे. ते द्रव म्हणजे 85 टक्के ग्लिसरॉल. त्यात त्वचेतलं पाणी निघून जातं, जंतू वाढत नाहीत आणि फ्रीजमधल्या 4 ते 8 अंशांत ती 5 वर्षांपर्यंत राहते. एका पट्ट्यावर बारीक तीळ होता. मी तो पाहिला आणि पुन्हा पाहिला. कुणाच्या तरी मांडीवरचा किंवा पाठीवरचा तो तीळ त्याच्या आईला ठाऊक असणार. मी हात जोडले. सिस्टरही थांबल्या. मग त्यांनी झाकण लावलं आणि आत नेलं.

आत काय केलं ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पाठीवरची जळकी त्वचा पातळ पातळ कापत, खालून ताजं रक्त यायला लागेपर्यंत काढली. ह्यात रक्त फार जातं, म्हणून बाटल्या आधी तयार ठेवायला लावल्या होत्या. गावातली पोरं त्यासाठी टेम्पोनं आली होती. मग पिशव्यांतली त्वचा सलाईनमध्ये पुन्हा पुन्हा धुऊन ग्लिसरॉल काढलं आणि पट्टे पाठीवर अंथरून पिना मारल्या. हाताला आणि गुडघ्यांमागं ह्यांची स्वतःची, डोक्यावरची आणि उजव्या दंडाची. सगळं एका बैठकीत झालं नाही. मधे ताप यायचा, मधे हिमोग्लोबिन उतरायचं, थांबावं लागायचं.

फरक पहिल्या ड्रेसिंगलाच कळला. त्याआधी ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की ह्यांचा श्वास चढायचा. पट्ट्या ओल्याचिंब निघायच्या, कधी हिरवट, आणि त्या हिरव्याचा एक गोडसर वास असतो तो मी आजही ओळखेन. पाठ झाकल्यावर पट्ट्या कोरड्या निघायला लागल्या. अंगातलं पाणी बाहेर झिरपणं थांबलं, थंडी वाजून येणारा कापरा थांबला, वेदनांची औषधं उतरवता आली. ह्यांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं ते त्याच आठवड्यात. एरवी माणसाला ड्रेसिंग म्हणून कापूस-गॉज लावतात, ते जखमेला झाकतं पण जखम त्याला आपलं मानत नाही. त्वचा घातली की जखम तिला धरते आणि शांत होते. ह्याहून चांगलं मला सांगता येत नाही.

खाणं हीसुद्धा एक लढाई होती. भाजलेल्या अंगाला प्रथिनं दुपटीनं लागतात. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज अंडी लिहून दिली. आमच्या घरात आत्याबाईंमुळं अंडं येत नाही. मी मिरजेत भाड्याच्या खोलीत बाहेरच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. दोन दिवसांनी पाहते तर आत्याबाईच पातेलं घेऊन अंडी उकडत बसलेल्या. माळ काढून खुंटीला अडकवली होती. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. काम झालं की हातपाय धुऊन माळ परत घालायच्या. ह्यांनी डबे रिकामे परत पाठवले, कारण डबा आईनं भरलेला असायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाठीवरच्या त्वचेच्या कडा उचलायला लागल्या. करडी पडून ती जागोजागी सुटत होती. मला माहीत होतं हे होणार, तरी त्या दिवशी पोटात खड्डा पडला. डॉक्टरांना मात्र ते हवंच होतं. खाली लालबुंद, दाणेदार, स्वच्छ थर तयार झाला होता, ह्यांची स्वतःची त्वचा लावून घ्यायला तयार. तोवर डोक्यावरची जागा भरून पुन्हा घेण्याजोगी झाली होती, छातीचीही थोडी घेता आली. पोट तसंच राखलं.

जेवढी मिळाली ती पाठीला पुरेशी नव्हतीच. तेव्हा मेश करतात. त्वचेचा पट्टा एका छोट्या यंत्रातून फिरवतात, त्याला बारीक बारीक चिरा पडतात, आणि ओढला की तो जाळीदार होऊन तिप्पट जागा व्यापतो. स्मॉकिंगचं कापड ताणलं की जसं उलगडतं तसंच ते, हे मला शिवणाच्या सवयीनं चटकन समजलं. जाळीची भोकं पुढं आपोआप भरतात. जिथं जाळी फार रुंद ओढावी लागली तिथं तिच्यावरून पुन्हा दान केलेल्या त्वचेचे उरलेले पट्टे पांघरले, म्हणजे भोकं भरेपर्यंत ती वाळत नाहीत. मिळालेल्यातला चौरस सेंटिमीटरभरसुद्धा वाया गेला नाही. हे मी मुद्दाम विचारलं होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. भाजल्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेबाहेरचा खर्चही होतो, खोलीचं भाडं, अंडी-दूध, गाडी, पुढचे कपडे. त्यासाठी माझी एक मशीन आणि दोन शेळ्या गेल्या. मशीन परत घेतली आहे.

घरी आल्यावर काम संपत नाही, आणि हे फार कमी जणांना कुणी सांगतं. नवी त्वचा आखडते. गुडघा मागं वाकलेला ठेवला तर सुखाचा वाटतो आणि तसाच धरून बसतो, मग पाय सरळ होत नाही. दिवसा व्यायाम, रात्री पाय सरळ धरून ठेवणारी स्प्लिंट. खाज इतकी की हे रात्री भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. खोबरेल चोळायचं, दिवसातून कितीही वेळा. आणि दाबाचे कपडे. अंगाबरोबर घट्ट बसणारे, दिवसाचे 23 तास घालायचे, वर्ष-दीड वर्ष. व्रण फुगून वर येऊ नये, दोरीसारखे कडक होऊ नयेत म्हणून. हॉस्पिटलातून पहिला जोड मिळाला. पुढं तो सैल पडला, तेव्हा मी फिजिओथेरपीच्या मॅडमकडं जाऊन माप कसं घ्यायचं ते शिकले. दर दोन बोटांवर घेर मोजायचा, त्यातून ठरावीक टक्के वजा करायचे, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, नाहीतर तीच नव्या त्वचेला कापते. ह्यांचे पुढचे जोड मीच शिवले. आता त्या मॅडम दुसऱ्यांचीही मापं माझ्याकडं पाठवतात.

आता देण्याबद्दल. पुढच्या पावसाळ्यात आमचे चुलत सासरे, तात्या, घरीच गेले. वय झालं होतं. ह्यांच्या आजारपणात ते मिरजेला येऊन गेले होते आणि त्यांनीच सांगून ठेवलं होतं की माझं जे काय चालंल ते द्या. पहाटे ते गेले आणि त्यांच्या मुलानं मला उठवलं. डोळ्यांसाठी माणसं सांगलीकडून वेळेत आली. त्वचेसाठी मी फोन केले. मृत्यूपासून 6 तासांच्या आत ती काढावी लागते. सहा तासांत पोचेल असं पथक त्या पहाटे आम्हाला मिळालं नाही. फोनवरच्या बाईंनी मनापासून प्रयत्न केला, अंतर आणि घड्याळ पाहून त्यांनाच नाही म्हणावं लागलं.

मला ते फार लागलं. एवढी हॉस्पिटलं असलेल्या मिरज-सांगलीत, ऊस आणि हळद जिथं घरोघरी शिजते त्या जिल्ह्यात, त्वचा काढून घेणारं पथक तासाभराच्या अंतरावर असायलाच हवं. त्यासाठी लागतं तरी काय? शिकलेली दोन-चार माणसं, त्वचा काढायचं यंत्र, गाडी. घरी येऊन अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. मी हे जिथं संधी मिळेल तिथं बोलते, ग्रामसभेतही बोलले.

आणि गावात बायका मला जे विचारतात ते इथंही सांगते. सगळं अंग सोलत नाहीत. मांड्या, पाय आणि पाठ, एवढ्याच जागा, आणि तिथलाही वरचा पातळ पापुद्रा, खालची त्वचा तशीच राहते. रक्त वाहत नाही. नंतर तिथं पट्टी बांधून देतात, धोतर-लुगडं नेसवलं की काही दिसत नाही. चेहरा, हात ह्यांना हात लावत नाहीत. अंघोळ, हळद-कुंकू, सगळे विधी नेहमीसारखे करता येतात. 18 वर्षांपुढचं कुणीही देऊ शकतं, म्हातारपण आड येत नाही, साखर-बीपी आड येत नाही. किडनी-यकृत हॉस्पिटलात मेंदू मृत झालेल्यांचीच बहुधा घेतात, त्वचा मात्र घरी नेहमीच्या मरणानं गेलेल्यांचीही चालते. आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. फॉर्म भरलेला असला तरीही ती लागतेच, म्हणून घरच्यांना माहीत हवं. आत्याबाईंनी भजनी मंडळात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं आहे, म्हणजे ऐन वेळी कुणी आडवं येऊ नये.

हे आता गुऱ्हाळावर वजनकाट्याशी आणि हिशोबाला असतात. चुलवाणाजवळ उभं राहता येत नाही, कारण ग्राफ्टच्या त्वचेला घाम येत नाही, अंग तापत जातं आणि चक्कर येते. उन्हाळ्यात पाठीवर ओला टॉवेल टाकून बसतात. डावी मूठ पूर्ण वळते, सदऱ्याची बटणं लावतात. उजव्या गुडघ्यामागं एक पट्टा आखडलाय, व्यायामानं सुटत नाही, तो येत्या थंडीत सोडवायचा आहे. तिथं लावायला त्वचा पोटाची घेणार आहेत. ती राखून ठेवली होती ते बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले.